गावच्या मारुतीच्या गाभाऱ्यात बायकांना बंदी, कोर्टाचा निकाल इथे लागू होतो का?

गावाकडचा_पुणेकर
हनुमान जयंतीला गावी गेलो होतो. माझी आठ वर्षांची मुलगी हातात नारळ घेऊन उंबऱ्यावर उभी, तिला अडवलं, आणि तिचा धाकटा भाऊ तिच्यासमोर आत जाऊन शेंदराची बोटं घेऊन बाहेर आला. मी विचारलं तर म्हणे मारुती ब्रह्मचारी. शनी शिंगणापूरला हायकोर्टानेच सांगितलंय ना असं करता येत नाही, म्हटलं, तर चुलते म्हणतात केरळच्या शबरीमला देवळात बायकांना सोडायचा निकाल सुप्रीम कोर्टाने फिरवला, आता सगळं पहिल्यासारखं. खरंच फिरवला का? आणि शिंगणापूरचा निकाल आमच्यासारख्या बारक्या देवळाला लागतो का?

तारीख_पे_तारीख
चुलत्यांनी दोन वेगळ्या केसेसची भेळ केलीय. शबरीमला २८ सप्टेंबर २०१८, पाच न्यायाधीश, ४ विरुद्ध १ ने प्रवेश द्यायचा ठरलं. केरळच्या १९६५ च्या नियमांत ३(ब) नावाचं कलम होतं, प्रथा असेल तर बायकांना बंदी चालेल असं, ते उडवलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिव्ह्यूत, म्हणजे फेरविचारात, ३-२ ने मोठे प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवले, पण म्हणून २०१८ चा निकाल रद्द झाला नाही की त्याला स्टेही दिला नाही.

शिंगणापूरचं तसं नाही. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने १ एप्रिल २०१६ ला आदेश दिला आणि तो उभा होता आपल्याच १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यावर. त्या कायद्यात देऊळ कोणाच्याही मालकीचं असो, सर्वसाधारणपणे हिंदू तिथे पूजेला जात असतील तर तो लागू, म्हणजे तुमचा मारुतीही आलाच. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

फक्त एक गोम आहे. सगळ्या पुरुषांना आत सोडता आणि बायकांना नाही, हे चालणार नाही. फक्त पुजारीच आत जातो, बाकी सगळे बाहेर, असं असेल तर मुद्दा बदलतो.

सुमनताई_नगर
ही गोमच तर शिंगणापूरच्या ट्रस्टने धरली होती! आधी म्हणाले मग शनीच्या चौथऱ्यावर पुरुषही नकोत. आणि गुढीपाडव्याला, ८ एप्रिल होती, गावातलेच पुरुष प्रवरासंगमाचं पाणी घेऊन जोर करून चढले शनीला आंघोळ घालायला, दरवर्षीचा मान तो, मग ट्रस्टला बायकांनाही वाट मोकळी करावी लागली. गंमत बघा, आंदोलन केलं भूमाता ब्रिगेड या बायकांच्या संघटनेने, निकाल दिला कोर्टाने, आणि कुलूप निघालं पुरुषांच्या हट्टाने. त्र्यंबकलाही त्याच महिन्यात आधी गाभारा पुरुषांना बंद केला आणि मग सकाळी एक तास बायकांना, तो पण ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्रात, म्हणजे अट अशी घालायची की बाईने स्वतःच नको म्हणावं.

भाविक_१
मी थोडं वेगळं बोलतो, शिव्या देऊ नका. शबरीमलात विरोधी मत देणाऱ्या एकट्या न्यायाधीश बाईच होत्या, इंदू मल्होत्रा. श्रद्धेत तर्कसंगती कोर्टाने ठरवू नये असं त्यांचं मत होतं आणि मला ते पटतं. माझी आई पण मारुतीच्या गाभाऱ्यात जात नाही, तिला कोणी अडवलेलं नाही.

सुमनताई_नगर
@भाविक_१ मी पण नाही जात हो. पण मी न जाणं आणि त्या पोरीला उंबऱ्यावर थांबवणं एकच आहे का?

तारीख_पे_तारीख
मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या केसमध्येही बायकांना असंच अडवलं होतं. तिथे आधी बायका मजारीपर्यंत, म्हणजे कबरीपर्यंत जायच्या, बंदी नंतर आली, ऑगस्ट २०१६ मध्ये हायकोर्टाने उठवली. त्यामुळे "पहिल्यापासूनची प्रथा" म्हणाले की आधी विचारा, नक्की कधीपासून?

गावाकडचा_पुणेकर
धन्यवाद सगळ्यांना. काल चुलत्यांना फोन केला, १९५६ चा कायदा सांगितला, तर म्हणाले मग पुरुषांनाही बंद करू, झालं समाधान? ग्रुपवर टाकलं तर दहा मिनिटांत बोंबाबोंब, शनिवारी तेल कोण वाहणार म्हणून. सगळे पुरुष. कोणाकडे त्या कायद्याची मराठी प्रत असेल तर लिंक द्या, चुलत्यांचा मोबाईलवर विश्वास नाही, छापून न्यावी लागेल.