थायरॉईडची गोळी सुरू आहे, वजनाचं काय? तुमचे अनुभव सांगा

गोळी सुरू झाली की वजन आपोआप उतरेल, असं बहुतेकांना वाटतं. माझं टीएसएच (रक्तातलं संप्रेरक, थायरॉईड कमी पडलं की चढतं, जास्त झालं की उतरतं) ताळ्यावर आलं, केस गळायचे थांबले, दुपारची ती जीवघेणी झोप गेली. काटा मात्र जेमतेम हलला. डॉक्टरांनी समजावलं, की थायरॉईड कमी पडल्याने वाढणारं वजन बहुधा २ ते ४-५ किलोच असतं, आणि त्यातही मोठा वाटा अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा. तेवढं गोळीने उतरतं. त्यावरचं मात्र इतर कोणाचंही उतरतं तसंच, खाण्याकडे आणि हालचालीकडे बघून उतरवावं लागतं. ऐकून हायसं वाटलं. निदान कशाची वाट बघायची आणि कशाची नाही, ते तरी कळलं.

तुम्हाला कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, सविस्तर लिहा. फक्त एकमेकांना डोस सुचवू नका. तो ज्याच्या-त्याच्या रिपोर्टवर ठरतो.

*

माझ्याकडे डोस वाढवूनही टीएसएच चढंच राहायचं. नव्या डॉक्टरांनी सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली आणि एकेक गोळी कधी घेता ते विचारलं. कॅल्शियम आणि लोह, दोन्ही नाश्त्याबरोबर चालू होतं, म्हणजे थायरॉईडच्या गोळीनंतर तासाभरातच. या दोन्हींमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, ४ तासांचं अंतर हवं. हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं, याचा मला अजूनही राग आहे. आता उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी, मग पाऊण तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह रात्री. डोस तोच ठेवून टीएसएच खाली आलं. आधी चेहऱ्याची सूज ओसरली, रुतून बसलेली अंगठी बोटात फिरायला लागली, वजन त्यानंतर हललं. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनीच तपासणी करा, त्याआधीच्या आकड्यावरून नीट काही ठरवता येत नाही.

*

मी उलट्या बाजूचा. माझं थायरॉईड जास्त काम करायचं. भरपेट जेवूनही वजन घटत होतं, हात थरथरायचे, बसल्या जागी धडधडायचं. कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉईडचं काम कमी करणारं औषध, सुरू झालं आणि वजन आजाराआधीच्याही पुढे गेलं. गेलेलं वजन परत येणं हा बरं होण्याचाच भाग आहे, पण आजारात जेवणाचं जे प्रमाण अंगवळणी पडलं होतं ते तसंच राहिलं आणि शरीराची भट्टी मात्र मंदावली. शिवाय औषध जास्त होऊन थायरॉईड उलट कमी पडायला लागलंय का, हेही बघावं लागतं. माझं तसं झालं होतं. डॉक्टरांनी डोस उतरवल्यावर वाढ थांबली. वजनाला घाबरून गोळी मनाने बंद करू नका, कळकळीने सांगतोय. आजार उलटतो आणि हृदयावर ताण येतो.

*

वजनासाठी डोस वाढवून मागणाऱ्यांनी हे वाचाच. माझ्या बहिणीचं टीएसएच असंच जवळजवळ शून्यावर गेलं होतं. वजन फारसं उतरलं नाही, हृदयाचे ठोके मात्र अनियमित झाले. दीर्घकाळ असंच राहिलं तर हाडंही ठिसूळ होतात.

*

शस्त्रक्रियेत माझी पूर्ण ग्रंथी काढलीय, त्यामुळे गोळी जन्माची. टीएसएच चढं असताना जिना चढला तरी मांड्या भरून यायच्या, म्हणून व्यायाम आधी नुसता चालण्याचा ठेवला. पातळी स्थिरावल्यावर हलकी वजनं उचलायला लागले. काटा हळूच उतरतोय, पण कपडे सैल झालेत आणि दिवसभर अंगात जोर राहतो. माझ्या मते काट्यापेक्षा हेच बघावं.

आणि एक. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.