खापरपणजोबांच्या मूळ गावाचा शोध कसा घ्यावा?

करवीरकर: आमचे खापरपणजोबा भुदरगडाकडून करवीर तालुक्यात येऊन राहिले, एवढेच घरात सांगितले जाते, मूळ गाव कोणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे एक मोडी खरेदीखत असून जाणकारांनी केलेल्या लिप्यंतरानुसार ते शके 1831 मधील, म्हणजे इ. स. 1909-10 चे, शाहू महाराजांच्या कारकिर्दीतील आहे. त्यात खापरपणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव आहे. पूर्वीच्या गावाचा उल्लेख मात्र नाही. येथून मागे कसे जावे?

निवृत्त तलाठी: प्रथम सध्याच्या गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, पाहावेत. वारसनोंद सापडल्यास खापरपणजोबांच्या मृत्यूचा सुमार कळतो, आणि मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात नेमकी नोंद शोधणे सोपे जाते. मात्र आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्याने एकाच घराण्यात दोन पिढ्यांच्या अंतराने तेच नाव पुन्हा येते, आणि कधी वडिलांचे नावही जुळते. म्हणून नाव, वडिलांचे नाव आणि सन ही तिन्ही जुळल्याखेरीज नोंद आपली मानू नये. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे दप्तर सांभाळण्याचा वंशपरंपरागत हक्क, बंद करून पगारी तलाठी नेमले. त्यामुळे त्याआधीच्या कागदांसाठी जुन्या कुलकर्णी घराण्याकडेही विचारणा करावी.

बेळगाव वेस: हेळव्याला विचारले का? सुगीनंतर गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ वाचून दाखवणाऱ्या हेळव्यांच्या वहीत मूळ गाव, कुळी आणि भाऊबंदांच्या शाखा असतात. आपल्या घराण्याचा हेळवी कोणता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना नक्की माहीत असते. वहीतला मजकूर मी एकट्याने पुरावा मानणार नाही, पण शोधायचे गाव त्यातून हाती लागते.

दप्तरवाला: एक पुरवणी. ‘भुदरगडाकडून’ याचा अर्थ भुदरगड पेट्यातूनच (पेटा म्हणजे संस्थानचा तालुक्यासारखा विभाग), असे धरू नये. शेजारचा आजरा महाल इचलकरंजी जहागिरीत होता, आणि जहागिरीचा कारभार व दप्तर कोल्हापूर दरबारच्या खालसा, म्हणजे थेट ताब्यातील, मुलखाहून वेगळे असे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकालीन कागद आहेत. तेथे जाताना गाव आणि अंदाजे सन हाताशी हवेत, कारण केवळ आडनावावरून मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, चाळणे व्यर्थ आहे.

करवीरकर: आभारी आहे. थोरल्या चुलत्यांना हेळव्याचे गाव आठवते; प्रथम त्या हेळव्याकडे जातो आणि मगच कोतवाल बुकासाठी अर्ज करतो.