'ट्रेड-ऑफ'ला तडजोड म्हणायचं का?

सोंगटी: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पटावरचा एक खेळ तयार करतेय. माणसं, औषधं, गाडी, पैसा सगळं मोजकं. एकीकडे दिलं की दुसरीकडे कमी पडतं, हा 'ट्रेड-ऑफ' खेळता खेळता उमगावा. अमेरिकेत 'फ्रायडे नाइट ॲट द ईआर' (ईआर म्हणजे तातडीचा विभाग) असा खेळ आहे: चौघं चार विभाग सांभाळतात, रुग्णालयाचे २४ तास तासाभरात खेळून होतात. माझा पट ३०,००० लोकसंख्येच्या केंद्राचा. 'ट्रेड-ऑफ'ला मी 'तडजोड' लिहिलं, तर चाचणीच्या डावात एक डॉक्टर म्हणाले, "म्हणजे दर्जा सोडायचा का?" आणि असल्या शिकवणाऱ्या खेळाला इंग्रजीत 'सीरियस गेम' म्हणतात, त्याचं 'गंभीर खेळ' कसं करू? दवाखान्यात गंभीर असतो तो पेशंट.

जुनाकोश: तडजोडीला दोन पक्ष लागतात, दोघंही थोडं थोडं सोडतात. तड म्हणजे काठ, 'तडीस नेणे'मधला. दोन काठ जोडायचे ती तडजोड, असं मी मानत आलोय. तुमच्या खेळात जोडलं काहीच जात नाही. 'लाभहानी-संतुलन' घ्या.

सातारकर: काठ कुठला, तडा! भांड्याचा तडा जोडायचा ती तडजोड. आमच्याकडे बांधाच्या भांडणात पंच तेच करतात. आणि ओपीडीत रांग लागलेली असताना 'लाभहानी-संतुलन' कोण म्हणणार? सरळ 'ट्रेड-ऑफ' ठेवा, डॉक्टरांना कळतं.

जुनाकोश: 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांचे शब्दही एकेकाळी जड वाटलेच होते. वापरलेच नाहीत तर रुळतील कसे?

आरोग्यसेविका: ताई, कार्डावर नेमकं काय लिहिलंय?

सोंगटी: "लसीकरणाचा दिवस. दुपारचा दीड. एकच बाळ आलंय. बीसीजीची दहा डोसांची व्हायल फोडायची, की बाळाला पुढच्या वेळी बोलवायचं?"

आरोग्यसेविका: हे कार्ड काढा. एका बाळासाठीसुद्धा व्हायल फोडायचीच. चार तासांनी उरलेली लस टाकून द्यावी लागली तरी चालेल, बाळ परत जाता कामा नये. खरा पेच रात्रीचा असतो. बाळंतीण अडलीय, तिला पुढे पाठवायचंय, आणि ड्यूटीवर सिस्टर एकच. ती गाडीत बसली तर आत दुसरी कळा देतेय तिच्याजवळ कोण थांबणार? मी एकदा गेले आहे आणि एकदा थांबले आहे. दोन्ही रात्री अजून आठवतात. आमच्यात म्हणतात, पांघरूण आखूड आहे, डोकं झाकलं की पाय उघडे.

सोंगटी: कार्ड आजच बदलते. मग 'ओढाताण' म्हणू?

सातारकर: ओढाताण महिनाअखेरीची. ती नुसती सोसायची असते, इथे तर ठरवायचंय. 'आखूड पांघरूण' हेच खेळाचं नाव ठेवा.

जुनाकोश: नाव म्हणून उत्तम, संज्ञा म्हणून नाही. "या डावात तुम्ही कोणतं आखूड पांघरूण केलं?" असं विचारणार का?

मांडवीकाठ: 'पेच' आत्ता वर सहज येऊन गेला, तो कुणी उचलला नाही. आणि 'गंभीर खेळ' कशाला? ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट आपल्याकडे आहेच. सापशिडीतून शिकवणच द्यायची होती. त्यावरून 'बोधपट' करा.

सातारकर: 'पट' म्हटलं की आता लोक पडद्याकडे बघतात. चित्रपट, माहितीपट. बोधपट म्हणजे व्यसनमुक्तीची फिल्म वाटेल. 'बोधखेळ' बरा.

जुनाकोश: पेचात माणूस सापडतो. ट्रेड-ऑफ माणूस करतो. आणि मूळ पोस्टमध्ये 'दवाखाना' का? 'रुग्णालय' आहे ना?

मांडवीकाठ: दवाखाना फारसीतून आला, आमचं इस्पितळ पोर्तुगीजांकडून. माझी आजी शेवटपर्यंत इस्पितळच म्हणायची. हे शब्द आता परके कसे?

जुनाकोश: परके म्हटलं नाही. पर्याय असताना का, एवढंच विचारलं.

आरोग्यसेविका: कार्डावर 'सिस्टर'च ठेवा हं. रात्री दोन वाजता 'परिचारिका' अशी हाक कुणी मारत नाही.