मदत हवी आहे : कराडचे सरकारी स्थापत्य की पुण्याचे खाजगी संगणक?

नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलाने यंदा एमएचटी-सीईटी (राज्याची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा) दिली असून त्याचा प्रवर्ग ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आहे. त्याचे पर्सेंटाइल पाहता कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखा मिळेल असे वाटते; संगणक शाखा मात्र तेथे मिळणार नाही, आणि तीच हवी असेल तर पुण्यातील एखादे खाजगी महाविद्यालय घ्यावे लागेल.

खरी अडचण पसंतीक्रमाची आहे. २०२५ पासून कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या चार झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पर्यायांना लागू होते. त्यामुळे 'टाकून ठेवू, पुढे बघू' हे चालत नाही. आमच्या वहीत मुलगा रात्री पहिल्या ओळीत संगणक लिहितो आणि सकाळी मी ते खोडून कराड लिहितो. ते पान आता फाटायला आले आहे. एका समुपदेशकाने अर्ज भरून देण्याचे दहा हजार मागितले, पण त्यांच्या यादीत कराडचे नावच नव्हते.

खर्चाचे म्हणाल, तर आमच्या प्रवर्गात पूर्ण शुल्कमाफी २०२४-२५ पासून मुलींना आहे; मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळेल. खाजगीत उरलेले निम्मेच आम्हाला जड आहे, त्यावर पुण्यातील खोली आणि मेस. टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्कमाफी योजनेच्या) जागेवर शिक्षण शुल्क माफ होते, परंतु तिचा चॉइस कोड (पसंतीक्रमात भरायचा क्रमांक) वेगळा असतो, गुणवत्ता बरीच वर लागते आणि प्रवेशानंतर शाखा बदलता येत नाही. तो कोड सर्वांत वर ठेवून खाली कराड लिहिण्यात काही धोका आहे का?

कराडहून अलीकडे स्थापत्य पदवी घेतलेल्यांना विनंती, की सरासरी पॅकेजचा आकडा सांगण्याऐवजी आपल्या वर्गातील किती जणांनी कॅम्पस मुलाखतींसाठी नाव नोंदवले, किती जणांना बांधकाम क्षेत्रातच नोकरी मिळाली आणि किती जण सॉफ्टवेअरकडे वळले, हे सांगावे. जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेतील कनिष्ठ अभियंता पदासाठी पदवीनंतर साधारण किती वर्षे तयारीत जातात? तेवढी वर्षे घरून पैसे पुरवावे लागणार असतील, तर तो खर्चही मला आत्ताच धरायचा आहे. वसतिगृहात पहिल्या वर्षाला जागा मिळते का, हेही कळवावे.