'फुलसम' माफी म्हणजे नक्की कसली माफी?

शब्दवेडा:
इंग्रजी बातमीत 'फुलसम (fulsome) अपॉलजी', म्हणजे माफी, किंवा 'फुलसम प्रेझ', म्हणजे स्तुती, दिसलं की मी तिथेच अडखळतो. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा म्हणायचं असतं भरभरून, मनापासून. पण मी शिकलो तो अर्थ एकदम उलटा, म्हणजे इतकं गोड गोड की ऐकणाऱ्याला शिसारी यावी आणि खोटंच वाटावं. मग मंत्र्याने खरंच माफी मागितली की नाटक केलं, हे वाचकाने कसं ओळखायचं? असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकने, म्हणजे लेखन-नियमांच्या पुस्तकाने, कित्येक वर्षं सांगितलंय की भरपूर या अर्थाने हा शब्द वापरू नका. माझ्या मते बातमीत तो नकोच.

मधलीओळ:
अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्याला चूक म्हणताय तोच मूळ अर्थ आहे हो! मध्ययुगीन इंग्रजीत 'फुल'ला (full, म्हणजे पूर्ण) 'सम' जोडून शब्द झाला आणि अर्थ होता विपुल. शिसारीचा अर्थ नंतर चिकटला, आणि 20व्या शतकात जुना अर्थ पुन्हा वर आला. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशात आजही विपुल हा अर्थ आहेच. आपल्याकडे 'साहस' बघा, याज्ञवल्क्य स्मृती या जुन्या संस्कृत धर्मशास्त्राच्या ग्रंथात तो बळजबरीने केलेला गुन्हा आहे आणि आज आपण मुलांना साहसी म्हणून शाबासकी देतो.

शब्दवेडा:
'साहस' तर माझ्याच बाजूने बोलतंय. तिथला गुन्ह्याचा अर्थ रोजच्या मराठीतून गेला, त्यामुळे आज कुणाचाही गोंधळ होत नाही. 'फुलसम'चे दोन्ही अर्थ जिवंत आहेत आणि एकमेकांच्या विरुद्ध आहेत, घोळ तिथेच होतो. इंग्रजी शब्दवापराचे अमेरिकन अभ्यासक ब्रायन गार्नर अशा शब्दांना 'स्कंक्ड' म्हणतात, म्हणजे स्कंक या दुर्गंध सोडणाऱ्या प्राण्यासारखे, जवळ गेलं की वास येणारच. कुठल्याही अर्थाने लिहा, निम्मे वाचक शब्दावरच अडकणार आणि बातमी बाजूला राहणार.

डेस्कवरून:
मी कॉपी डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून दुरुस्त करायचं, काम केलंय म्हणून सांगते. एका बातमीत 'फुलसम सपोर्ट' आलं, रिपोर्टरला विचारलं तर म्हणाला 'फुल'पेक्षा जरा भारदस्त वाटतं ना. बाकी काही विचार नव्हता. मी 'फुल' केलं आणि वाक्याचं काहीच बिघडलं नाही. पण अग्रलेखात किंवा सदरात मात्र मी हा शब्द सोडणार नाही, कारण चापलूस म्हटलं की बोट माणसाकडे जातं आणि इथे ते स्तुतीकडे जातं, असा नेमका दुसरा शब्द मला तरी सापडत नाही.

मधलीओळ:
म्हणजे सदरात चालतो आणि बातमीत नाही? वाचक तर तोच आहे!! आणि प्रवक्ताच 'फुलसम' म्हणाला तर, कोट, म्हणजे त्याचे शब्द, बदलणार का?

डेस्कवरून:
कोट बदलायचा नाहीच. आधी फोन करून विचारायचं की तुम्हाला काय म्हणायचंय, आणि फोन लागला नाही तर तेवढा शब्द कोटात न घेता तो माणूस नक्की काय काय बोलला ते लिहायचं. सदरात आजूबाजूची चार वाक्यं टोन सांगतात, हेडलाइनमध्ये ती जागा नसते.

शब्दवेडा:
फोनचं एकदम मान्य. सदराचं मात्र नाही, तिथेही मी 'शिसारी आणणारी स्तुती' असं सरळ लिहीन.