एकरंगी भुतांची तुकडी आणि उजेडाचा फरक

टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या भूत-मूर्तींची संपूर्ण तुकडी हिरवट निळ्या रंगात रंगवल्यास हातभर अंतरावरून कवटी आणि कफनी एकमेकांत मिसळून जातात, ही नेहमी मांडली जाणारी अडचण खरी आहे. तरीही त्यावर उपाय म्हणून लगेच दुसरा रंग आणू नये, असे मला वाटते. २०१८ साली आलेल्या ‘नाइटहॉन्ट’ या, ‘वॉरहॅमर’ खेळातल्या भुतांच्या सैन्याच्या मूर्ती याच छटेत उत्तम दिसतात, फक्त उजेड आणि अंधार यांतले अंतर भरपूर ठेवावे लागते. काळ्या प्रायमरवर (रंगाआधी देतात त्या अस्तराच्या थरावर) केवळ वरच्या बाजूने पांढरा फवारा मारून मग पातळ रंग चढवल्यास निम्मे काम तिथेच होते.

सावलीसाठी मूळ रंगात काळा मिसळला की छटा मळकट होते. त्याऐवजी किंचित तांबूस तपकिरी मिसळल्यास, तो विरुद्ध रंग असल्यामुळे, राखाडीकडे झुकणारी खोल छटा मिळते. सर्वांत फिकट छटा, शक्यतो हस्तिदंती, भुवईची कड, गालाचे हाड आणि दात एवढ्यापुरतीच राखून ठेवावी. कफनीचा फाटका घेर उजळ ठेवण्याची पद्धत रूढ आहे खरी, पण त्यामुळे नजर पायाशी जाते, म्हणून मी तो गडदच सोडतो.

मूर्तीच्या हातातल्या शस्त्राच्या पात्यावर नारिंगी गंजाचे दोन-चार ठिपके चालतील, त्याहून अधिक नकोत. रंगकाम चालू असतानाच मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे. त्यात कवटी वेगळी दिसली नाही, तर फरक अजून वाढवायला हवा.