हेज फंड सोडल्यावर कंपनीच्या बाजूचं काम

या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की हेज फंडातली (म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा जोखीम घेऊन गुंतवणाऱ्या फंडातली) नोकरी सोडली की एकतर दुसरा फंड नाहीतर स्वतःचा फंड, तिसरा रस्ताच नाही. मला हे अजिबात पटत नाही. जेफ बेझोस १९९४ मध्ये डी. ई. शॉ हा हेज फंड सोडून अ‍ॅमेझॉन काढायला गेला, सल खान हेज फंडात अ‍ॅनालिस्ट होता आणि २००९ मध्ये नोकरी सोडून खान अकॅडमी या मोफत ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेत पूर्णवेळ उतरला. बरं, ती असामान्य माणसं म्हणून सोडून देऊ, पण आपल्यासारख्यांना जमेल असा एक रस्ता इथे कुणी सांगितलाच नाही, तो म्हणजे शेअर बाजारात लिस्टेड कंपनीतलं इन्व्हेस्टर रिलेशन्स, कंपनीच्या वतीने गुंतवणूकदार आणि अ‍ॅनालिस्टशी बोलायचं काम.

मी सात वर्षं अ‍ॅनालिस्ट होतो, तिमाही निकालांच्या कॉलवर मॅनेजमेंटला खोदून खोदून प्रश्न विचारायचो, आता त्याच कॉलची तयारी मॅनेजमेंटकडून करून घेतो आणि कुठल्या आकड्यावर लोक अडणार, मार्जिन का घसरलं हे कोण विचारणार हे आधीच दिसतं, ही नजर फंडातच तयार झाली. पैसे बरेच कमी झाले हे खरं, पण पोझिशन (फंडाने लावलेला पैसा) उलटी गेली म्हणून रात्र रात्र जागणं संपलं, मला ते फार मोलाचं वाटतं. फक्त राजीनामा देण्याआधी काँट्रॅक्टमधली गार्डन लीव्ह (राजीनाम्यानंतरची सक्तीची रजा) आणि डिफर्ड बोनसची कलमं शांतपणे वाचा. गार्डन लीव्हमध्ये पगार चालू राहतो पण दुसरीकडे रुजू होता येत नाही, नव्या कंपनीला हे आधीच सांगावं लागतं, आणि राखून ठेवलेला बोनस बऱ्याचदा राजीनाम्याबरोबर जातो. माझा गेला, दोन महिने थांबलो असतो तर मिळाला असता.